घरांना कवायत शिकवणारे नाना

नाना मास्तर पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, शिट्टी वाजवली. आम्ही शिरपूरला नुकतेच राहायला आलो होतो. मी मागच्या दारी धावले, तर पांढरी हाफपँट घातलेले एक काटक गृहस्थ आमच्या पऱ्हाटीच्या ढिगासमोर उभे होते. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या वाळक्या काड्या. मुलांनो, तुमच्या बाबांच्या लहानपणी आमचा आंघोळीचा बंब तिच्यावरच पेटायचा.

"अंतर घ्या," नाना त्या ढिगाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "वहिनी, हाई पऱ्हाटी काबर ठेवेल शे आठे? भिंतीले लागून?"

मी म्हटलं, सगळेच ठेवतात. यावर त्यांनी पुन्हा शिट्टी वाजवली.

नाना हायस्कूलमधून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. बायको वारलेली, मूलबाळ नाही, शेजारच्या घरात एकटेच राहायचे. आयुष्यभर मुलांना हात लांब करून एकमेकांपासून अंतर घ्यायला शिकवलं, आणि आता शिकवायला मुलं नव्हती म्हणून त्यांनी घरं धरली होती. हुकूम द्यायचा असला की ते शुद्ध बोलत. रागावले किंवा मन भरून आलं की अहिराणी.

आमची घरांची रांग गावातली शेवटची. तिच्यामागे गवताचा माळ, आणि तो पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गेलेला. उन्हाळ्यात ते गवत इतकं वाळे की चालताना पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येई. लांबच्या डोंगरावर वणव्याचा धूर दिसला की आम्ही म्हणायचो, आज ऊन जास्त आहे. नाना मात्र लगेच फेरीला निघत. गोवऱ्यांचा रचलेला ढीग, गोठ्यातला कडबा, कुंपणाची वाळलेली मेंदी, प्रत्येकाला हुकूम एकच, "अंतर घ्या." आमच्या पत्र्यावर चढून ते कडुनिंबाचा पाला झाडून काढत. कडुनिंबाच्या खाली लोंबणाऱ्या फांद्या त्यांनी मला न विचारता छाटल्या आणि वर झाड आता ऐटीत उभं आहे म्हणून माझ्याकडून कौतुकाची वाट पाहिली. मला नीटनेटकेपणाची आवड, म्हणून मी ते केलंही.

पलीकडच्या घरातल्या आबांना ते पटत नसे. पऱ्हाटी दूर ठेवली तर होळीला पोरं पळवतात, म्हणून ती भिंतीलाच हवी, असं त्यांचं म्हणणं. नानांनी काय करावं? होळीच्या दिवशी आबांचा ढीग दूर हलवायला लावून स्वतः त्याच्यापाशी खुर्ची टाकून, गळ्यात शिट्टी घालून बसले. आबा म्हणाले, "मास्तर, आता ढिगाची हजेरी पण घ्या." नानांनी गंभीरपणे उत्तर दिलं की ढीग तुमच्यापेक्षा शिस्तीचा आहे.

आमच्यासाठी मात्र नाना हट्टालाच पेटले होते. त्याला कारण होतं. मागच्या खोलीत माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, अर्धांगाने पडून होत्या. त्यांना उचलायला दोन माणसं लागत. आणि पऱ्हाटीचा ढीग नेमका त्यांच्याच खोलीच्या भिंतीला. शेवटी तो आम्ही माळाच्या कडेला हलवला. नानांनी बैलजोडी आणून रांगेच्या मागे वखर फिरवला आणि गवत मुळासकट काढून उघड्या मातीचा रुंद पट्टा केला. सगळी रांग हसली.

पुढच्याच आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर ती दुपार आली. लेकी माहेरी येणार म्हणून गाव गडबडीत होतं. यजमान धुळ्याला गेलेले, सासूबाईंना झोप लागलेली, म्हणून मी गूळ-डाळ आणायला बाजारात गेले. माळापलीकडच्या शेतात कुणीतरी दरवर्षीप्रमाणे बांधावरचं गवत पेटवून दिलं आणि वारा फिरला. परत येताना मला आमच्या रांगेमागे धूर दिसला. पिशवी कुठे टाकली ते आजही आठवत नाही.

सगळी रांग ओली पोती घेऊन पट्ट्यावर उभी होती. आमचा पऱ्हाटीचा ढीग धडधडा जळत होता, लांब, माळाच्या कडेला. आग मातीपाशी आली, इकडेतिकडे वाट शोधली आणि तिथेच बसत गेली. फक्त नाना कुठे दिसेनात. आबा काळवंडलेल्या तोंडाने म्हणाले, "शिट्टीवाले पळाले बघा."

मी घरात धावले. पुढच्या दारात हातगाडी लावलेली, तिच्यावर गादी घातलेली. मागच्या खोलीची खिडकी बंद, तिच्यावर ओली चादर. नाना पलंगाला चिकटून बसले होते, सासूबाईंचा हात हातात घेऊन मोठमोठ्याने बोलत होते.

"म्हणजे मावशी, मांड्याचं पीठ ताकात भिजवायचं?"

"ताकात कशाला मेल्या," सासूबाई करवादल्या. "पाण्यात. आणि मग मातीच्या पालथ्या खापरावर टाकायचे."

"खापर म्हणजे तवाच ना?"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. बाहेर ढीग तडतडत होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

आग विझल्यावर मी नानांना दारापर्यंत सोडायला गेले. विचारलं, तुम्ही पट्ट्यावर कसे नव्हतात? चपला घालता घालता ते म्हणाले, "गावना घरले एकदाव अशीच आग उनी व्हती. मन्ही बायको पन अशीच खाटवर पडेल. मी बाहेर पोतं आपटत व्हतू. घर वाची गयं, वहिनी. पन ती आतमा एकलीच व्हती. मंग ती माले म्हनी, तुम्ही आवाज तरी देवाले पाहिजे व्हता." त्यांनी हाफपँट झटकली. "पट्टा तर आधीच करेल व्हता. बाहेर मन्हं काय काम?"

मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते इतके गोंधळले की शिट्टी चाचपू लागले.

आखाजीला नानांकडून डबा आला. आत मांडे होते, धोतराच्या कापडासारखे पातळ. अंथरुणाला खिळलेल्या बायकोसाठी ते वर्षानुवर्षं स्वतः मांडे करत आले होते, हे मला आबांच्या बायकोकडून त्या दिवशी कळलं. मी एक तुकडा दुधात कुस्करून सासूबाईंना भरवला. त्यांनी चव घेत विचारलं, कुणी केले? मी नानांचं नाव सांगितलं.

सासूबाई समाधानाने मागे टेकल्या. म्हणाल्या, "बघ. एका दुपारी शिकवलं त्याला."