बिराजदार सरांचं नवं घर

बिराजदार सर भाड्याचं घर बघायला गेले की आधी भिंतीला गाल लावत. डोळे मिटून, वैद्य नाडी बघतो तसे, बराच वेळ. लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते, पावसानं पाठ फिरवली होती, नळ कोरडे पडले होते, आणि आमचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक भिंतीत ओल शोधत हिंडत होते. एका घरमालकानं अखेर हात जोडले. "सर, नळाला पाणी न्हाई, भिंतीला कुटून येईल?" सरांनी दुसरा गाल लावून बघितला.

मी त्याच कॉलेजात इतिहास शिकवत होतो. म्हणजे तास घेऊन उरलेल्या वेळात बिराजदारांचं कपाट उचलत होतो. दर दोन-तीन महिन्यांनी हा गृहस्थ बिऱ्हाड हलवी आणि स्टाफरूममधले आम्ही हमाल. गंज बाजारातलं घर डाळमिलच्या धुळीपायी सोडलं. स्टँडजवळचं हॉर्नपायी. तिसरं का सोडलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "तिथं दुपारचं वारं कोंडून राहिलं." नव्या जिल्ह्यापायी गावात इतके साहेब उतरले होते की गोठ्यालासुद्धा भाडेकरू मिळत होता, आणि हे मिळालेलं घर सोडत होते. याला आमच्याकडे एक शब्द आहे. तो मी त्यांच्या पाठीमागे सढळ हातानं वापरत असे.

या सगळ्याच्या मुळाशी एक पेशी होती. भक्षक पेशी. रक्तातून निघून अंगात कुठंतरी ठाण मांडायचं आणि जंतू, घाण, जे समोर येईल ते गिळायचं, हा तिचा धंदा. चहाचा कप हातात आला की सर तिची पोथी उघडत.

"एकाच आईची लेकरं, सर! एकीची बदली फुफ्फुसात झाली, ती धूळ खाती. एकीची यकृतात, ती म्हाताऱ्या रक्तपेशी मोडीत काढती. आतड्यातली तर लई शहाणी, जंतूंच्या शेजारात गुमान बसती. अन् तीच सुजलेल्या सांध्यात गेली की राहतं घर कुरतडती. पेशी वाईट न्हाई हो. जागा बोलती, पेशी ऐकती!"

मग खिडकीतून नव्या कचेरीकडे बोट. "तो बदलून आलेला कारकून बघा. गावाकडं देवमाणूस. हितल्या खुर्चीत बसला की वसकन अंगावर येतो. जागा!" पोरं नापास झाली तरी जागा, वर्गाला खिडकी नाही म्हणून. प्राचार्य खेकसले तरी जागा, केबिनला पश्चिमेचं ऊन म्हणून. सर स्वतः मीटिंग विसरले तर तीही जागाच. इतकं सोयीचं शास्त्र मी दुसरं पाहिलं नाही.

खरा राग यायचा तो सरांच्या बायकोसाठी, वहिनींसाठी. त्यांना संधिवात होता, आणि तोही म्हातारपणाचा नव्हे. अंगातल्याच पेशी सांध्यांवर उलटलेल्या. बोटं सुजून वाकडी होत चालली होती. भाकरी थापणं केव्हाच सुटलं होतं. ते सर करत, आणि डब्यातली ती तिकोनी भाकरी बघून आम्ही पोट धरून हसत असू. घर बदललं की वहिनींच्या पेशी नव्या जागेचं ऐकतील, असं या विद्वानानं डोक्यात घेतलं होतं. त्यापायी त्या आजारी बाईची भर दुष्काळात वरात.

चैत्रात सरांनी पुन्हा घर बदलायचं काढलं आणि माझा पारा चढला. ते राहत होते त्या गल्लीत टँकर आला की बायका आधी वहिनींच्या दोन घागरी भरून देत, मग आपसात भांडायला मोकळ्या होत. असा शेजार सोडून हे गावाबाहेर निघाले होते. वहिनी शेजारणींचा निरोप घ्यायला गेल्या होत्या. हातगाड्यावर ट्रंक चढवता चढवता मी तोंड सोडलं.

"सर, जागा म्हणजे सांध्याच्या आतली जागा. लातूरमधली नव्हे. पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं ते तुम्हाला कळू नये? तिथं वहिनींचं पाणी कोण भरणार?"

"मी भरीन की," सर म्हणाले. मग दोर आवळत, माझ्याकडे न बघता बोलले, "ते मला म्हाईत न्हाई व्हय, सर? मीच शिकवून राहिलो ते. सांध्यातली जागा माझ्या हातची न्हाई. डाक्टरबी हात टेकून बसला. घराची जागा तेवढी माझ्या हातची हाय. मग काय करू, नुसतं तिच्या बोटांकडं बघत बसू?"

पहिल्यांदाच मला या माणसाचं मनापासून वाईट वाटलं, आणि असं वाटायला लावल्याबद्दल त्याचा आणखी राग आला. मी गाडा ढकलू लागलो.

नवं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. दारात झाड नाही, आसपास विहीर नाही. वहिनी मागून चालत आल्या, दोन्ही हात पदराखाली घेऊन. सर गाड्याशी दोर सोडत होते. वहिनी दाराशी थांबल्या आणि त्यांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "हाव, हितं लई हलकं वाटून राहिलं बघा!"

सरांनी एकदम वर बघितलं. मग पोरासारखे हसले आणि दुप्पट जोरानं दोर ओढू लागले.

वहिनी माझ्याजवळ सरकल्या. "भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "त्यांचं ध्यान न्हाई तवर दाराची तेवढी कडी काढा. माझ्यानं निघंना."