रुमाल टाकलेली जागा

अमेरिकेच्या सरकारी जंगलात रुमाल टाकून जागा धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. माणूस पूर्ण शुद्धीत होता, चांगला शिकलेला होता, आणि ऑफिसात माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसत होता.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघं होतो. ते नागपूरचे प्रभाकर खानझोडे, मी पुण्याचा केळकर. २००३ साली मी तिथे रुजू झालो. पहिल्याच दिवशी कॅफेटेरियात ट्रे हातात धरून मी केविलवाणा उभा होतो. एका टेबलाशी एक खुर्ची रिकामी, पण तिच्यावर निळ्या चौकडीचा मोठा रुमाल पसरलेला. समोर बसलेल्या गृहस्थांनी तो उचलला आणि म्हणाले, "बसा केळकर. तुमचीच आहे."

"तुम्ही मला ओळखता?"

"नाही ना. पुण्याचा माणूस येऊन राहिला, एवढं कळलं होतं. धरून ठेवली."

सोमवारपासून धरली होती म्हणे, आणि मी उगवलो गुरुवारी.

खानझोड्यांच्या खिशात कायम दोन रुमाल असत. एक नाकाचा, एक जागेचा. त्यांची अदलाबदल झालेली मी कधी पाहिली नाही, हे माझं नशीब. वडील एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे रुमालाचा कायदा त्यांना तोंडपाठ होता, आणि कोणी न विचारताही ते तो सांगत. खिडकीतून रुमाल पडला की जागा धरली. पण म्हातारंकोतारं कोणी उभं असलं, तर आपण होऊन रुमाल उचलायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रुमालाला मान घंटी होईपर्यंतच. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी हलली आणि रुमालवाला आला नाही, तर जागा बसणाऱ्याची. "मग तो माझ्या बापाचा रुमाल का असेना," असं ते शेवटी म्हणत.

असा माणूस जंगलाकडे कसा वळला, हे ऐकण्यासारखं आहे. रिझर्वेशन या प्रकाराचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. कॅम्पग्राउंडला जायचं तर हिवाळ्यातच कॉम्प्युटरवर बुकिंग करा, मग जूनमध्ये जाऊन तुमच्या नंबरच्या खांबाजवळ तंबू ठोका. यात माणसाची मर्दुमकी ती काय? एकदा विस्कॉन्सिनच्या उत्तरेला फिरताना ते नकाशा मागायला वनखात्याच्या ऑफिसात शिरले. तिथल्या बाईंनी सांगितलं की, नकाशावर हे हिरवं दिसतंय ना, ते लोकांचंच जंगल आहे. जिथे मनाईची पाटी नसेल तिथे तंबू ठोका, दोन आठवड्यांच्या आत हला, कचरा परत न्या. नंबर नाही, नळ नाही, संडास नाही. जो आधी येईल त्याची जागा.

खानझोड्यांना त्या ऑफिसातच गहिवरून आलं. सोमवारी मला म्हणाले, "केळकर, अख्ख्या अमेरिकेत रिझर्वेशन आहे. हे जंगल तेवढं जनरल डबा आहे पाहा."

त्यानंतर उन्हाळ्यातल्या प्रत्येक लाँग वीकेंडला आम्ही तिघं निघू लागलो. खानझोडे, मी आणि माझी बायको मुग्धा. मला स्वतःला जंगलाची हौस अजिबात नाही. सकाळी हातात खुरपं घेऊन झाडामागे जाण्यापेक्षा वर्तमानपत्र घेऊन दाराला आतून कडी लावावी, अशा विचारांचा मी माणूस. पण खानझोडे बोलवायचे ते असं की नाही म्हणता येत नसे. "तुमची जागा धरली आहे," एवढंच म्हणायचे.

डांबरी रस्ता सोडून त्यांची जुनी मिनीव्हॅन मातीच्या रस्त्याला लागली की त्यांचा चेहरा उजळायचा. त्या रस्त्याला फुटलेला आणखी बारका रस्ता, त्याला फुटलेली नुसती चाकोरी. चाकोरीच्या मधोमध गवत उभं दिसलं की ते गाडी हळू करत. "पाहा, गवत ताठ आहे. म्हणजे पुढे कोणी गेलं नाही." गवत आडवं झालेलं असलं की "गाडी भरली" म्हणून मागे वळायचं. मग कुठेतरी पाइनच्या झाडांत थोडी मोकळी जमीन आणि मागच्या कोणी चुलीसाठी रचलेलं, काळं पडलेलं दगडांचं कडं सापडायचं. अशी वापरलेलीच जागा घ्यायची, उगाच नवी जमीन तुडवायची नाही, हा त्यांचा दंडक होता.

पण जागा मिळाली म्हणजे पसंत पडली, असं नाही. खानझोडे आधी वर बघत, वाळकं झाड डोक्यावर वाकलेलं नाही ना. मग खाली बघत, पाऊस आला तर पाणी कुठून येईल. मग चष्मा काढून जमिनीवर चक्क आडवे होत. पाठीवर, उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, डोळे मिटून. आम्ही दोघं डास मारत उभे. एक जागा त्यांनी "रक्त डोक्यात येऊन राहिलं" म्हणून नाकारली. दुसरीला शेजार वाईट होता, म्हणजे मुंग्यांचं वारूळ होतं. तिसरीत सगळं ठीक, पण म्हणे मन लागत नाही.

मुग्धा वैतागून मला म्हणाली, "इतकी चौकशी तर माझ्या बाबांनी तुझं स्थळ बघताना केली नव्हती."

"दिसूनच राहिलं ते," खानझोडे डोळे न उघडता म्हणाले.

जागा पसंत पडली की चुलीच्या सगळ्यात मोठ्या दगडावर रुमाल पसरायचा, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक लहान दगड ठेवायचा, आणि निर्धास्तपणे जवळच्या गावात पाणी आणि बर्फ आणायला जायचं. तंबू ठोकून का जात नाही, असं मी एकदा विचारलं. तंबू टाकून जागा अडवणं त्यांना दांडगाई वाटत होती. रुमालात विनंती असते, म्हणाले.

एकदा बर्फ घेऊन परतलो, तर आमच्या जागेत एक भलामोठा पिकअप ट्रक आणि दोन धिप्पाड दाढीवाले. तंबू ठोकून झालेला. रुमाल कोणाचा तरी पडला असेल, म्हणून तो त्यांनी एका फांदीला नीट अडकवून ठेवला होता. मी म्हटलं, "चला, दुसरी बघू." मुग्धा गाडीतून उतरलीच नाही. खानझोडे उतरले.

"सर, धिस प्लेस इज टेकन. आय हॅड पुट हँकी."

थोरल्या दाढीवाल्यानं आधी रुमालाकडे पाहिलं, मग खानझोड्यांकडे. आणि त्या पाइनखाली उभं राहून खानझोड्यांनी त्याला एसटीचा कायदा अथपासून इतिपर्यंत समजावून सांगितला. खिडकी, रुमाल, म्हातारी माणसं, वडिलांची घंटी. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. दाढीवाला मात्र मन लावून ऐकत होता. सगळं ऐकून त्यानं विचारलं, "सो, हॅज द बस लेफ्ट?"

खानझोडे विचारात पडले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, त्यातून कायदा वडिलांचा. "नो," ते म्हणाले. "बट इंजिन इज ऑन."

दाढीवाला पोट धरून हसला. मग खानझोड्यांनी हातानं सरकल्यासारखं करून दाखवलं आणि दाढीवाल्यानं खरोखरच ट्रक सरकवून घेतला. आमचे दोन तंबू पलीकडे बसले. त्या संध्याकाळी त्यांनी आमचे मेथीचे पराठे खाल्ले, आम्ही त्यांचे मासे खाल्ले, आणि खानझोड्यांनी त्यांना "चौथी सीट" म्हणजे काय ते सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्याच जागी गेलो, तर चुलीच्या दगडावर लाल रुमाल, त्यावर लहान दगड. आसपास चिटपाखरू नाही. खानझोड्यांनी त्या रुमालाकडे मोठ्या कौतुकानं पाहिलं आणि गाडी वळवली. कायदा विस्कॉन्सिनला लागू झाला होता.

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस उमगली नव्हती. तंबू दोन लागायचे, एक आमचा, एक त्यांचा. तरी खानझोडे आणखी एका तंबूपुरती जमीन साफ करायचे. पाइनची बोंडं वेचायचे, काटक्या उचलायचे, हात फिरवून खडे बघायचे. "आता कोण येणार आहे इथे?" मी विचारलं.

"राहू द्या ना. पोट्टी आली तर टोचायला नको."

पोट्टी म्हणजे त्यांची मुलगी ओवी. ती आणि वैशालीवहिनी नागपूरला होत्या. दोघी आधी दोन वर्षं शॉमबर्गला राहून गेल्या होत्या. वहिनी नागपूरच्या शाळेत गणिताच्या शिक्षिका. इथे नवऱ्याच्या व्हिसावर त्यांना नोकरीची परवानगी नव्हती. ज्या बाईनं आयुष्यभर वर्ग गाजवला, तिनं अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग बघत किती दिवस काढायचे? बिनपगारी रजा संपत आली तशा त्या मुलीला घेऊन परत गेल्या. खानझोडे राहिले, कारण ग्रीन कार्डाचा अर्ज लाईनीत होता. ते आलं की वहिनींना इथे शिकवता येणार होतं. "तोवर मी रुमाल टाकून बसून आहे," ते म्हणायचे. "जागा सोडली की गेली, केळकर."

आणि ती लाईन अशी की, पुढे सरकायची सोडून एका वर्षी चक्क मागे गेली; ज्या तारखेपर्यंतचे अर्ज घ्यायचे, ती तारीखच सरकारनं मागे ओढली. असं एसटीतसुद्धा होत नाही. खानझोडे त्या दिवशी जेवले नाहीत. ओवी आता सातवीत होती, आणि फोनवर वडिलांशी बोलताना तिला सांगण्यासारखं फारसं सुचत नसे, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच कोडबद्दल बोलायला लागले. मला त्यांचं फार वाईट वाटायचं. पण लाईनीत उभ्या असलेल्या माणसाला काय सांगणार? मीही त्याच लाईनीत होतो, फक्त माझी बायको माझ्याजवळ होती.

२००६ च्या डिसेंबरात मुग्धाच्या मावसबहिणीच्या लग्नाला आम्ही नागपूरला गेलो. सोबत खानझोड्यांनी दिलेली बॅग होती, बदाम, चॉकलेटं आणि ओवीसाठी लाल जॅकेट. वहिनींनी जेवायलाच बोलावलं. गोळाभात केला होता. मी सवयीनं टेबलाच्या खिडकीकडच्या खुर्चीकडे वळलो.

"तिथं नका बसू भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ती धरलेली आहे."

खुर्चीवर निळ्या चौकडीचा रुमाल होता. धुतलेला, इस्त्री केलेला. ओवी म्हणाली, "बाबांची जागा आहे. मी दर रविवारी धुते." सांगताना तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. घरात कुंडीला पाणी घालावं, तसं ते तिचं काम होतं.

जेवण झालं, संत्री सोलून झाली. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. "त्यांना एक निरोप सांगाल? रुमाल आम्हीही टाकलाय म्हणावं. पण कायदा त्यांच्याच बाबांचा आहे. घंटी होईपर्यंतच."

मुग्धा जिना उतरताना डोळे पुसत होती. मी पुसत नव्हतो, कारण माझ्याकडे रुमाल नव्हता.

परत आल्यावर ऑफिसात हा निरोप द्यायला माझी जीभ उचलेना. फोनवर दोघांचं रोज बोलणं व्हायचं, तरी वहिनींनी हे माझ्याकरवी का कळवलं, हे मला समजत होतं. नवऱ्याला हे सांगायचं तर भांडण झालं असतं, किंवा रडणं. मी उन्हाळ्याची वाट पाहिली.

मे महिन्यातल्या लाँग वीकेंडला आम्ही उत्तरेला गेलो. चाकोरीतलं गवत ताठ होतं. पाइनमध्ये सुरेख सपाट जागा सापडली, जवळच ओढ्याचा आवाज. खानझोड्यांनी दगडावर रुमाल ठेवला, चष्मा काढला आणि उताणे झोपून डोळे मिटले. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. खुर्ची, रुमाल, रविवारची धुलाई, निरोप.

ते पडल्या पडल्याच म्हणाले, "खिडकीकडची?"

"हो."

"निळी चौकडी?"

"हो."

"दोन वर्षांमागे नागपूरला जाऊन आलो, तेव्हापासून तो इथं हरवला म्हणून मी शोधून राहिलो होतो." डोळे मिटलेलेच होते, पण कडेनं पाणी ओघळून कानात चाललं होतं आणि ते पुसत नव्हते. "मला वाटायचं, त्यांची जागा मी धरून बसलो आहे."

मुग्धा तंबूच्या खुंट्या घेऊन आली होती, ती तशीच मागे फिरली.

खानझोडे उठून बसले, पाठीला चिकटलेल्या पाइनच्या काड्या झटकल्या. मग दगडापाशी गेले. वरचा लहान दगड बाजूला ठेवला, रुमाल उचलला, झटकला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला.

"आवडली नाही का जागा?" मी विचारलं.

"एक नंबर जागा आहे." त्यांनी तो मोठा दगड हातानं पुसला आणि माझ्याकडे बघून मनापासून हसले. एसटीत उभ्या माणसाला म्हणतात, तसं म्हणाले, "या केळकर, बसा तुम्ही. मी पुढच्या स्टॉपला उतरून राहिलो."

मी बसलो.