दिवाणजी दारात उभे

आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहणारे दिवाणजी स्वतःच्याच घराची बेल वाजवून बाहेर उभे राहतात. खिशात किल्ली असते, तरी वाजवतात. बेल वाजवली की चपला काढून एका बाजूला नीट लावायच्या, शर्टाची वरची गुंडी लावायची, दोन पावलं मागे सरायचं आणि बंद दाराला उद्देशून खणखणीत आवाजात म्हणायचं, "दिवाणजी आलाय. येऊ का आत?"

गेल्या वर्षी हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातात कचऱ्याचा डबा होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला या वयात नाटकात काम करायची हुक्की आलेली दिसते.

"काय दिवाणजी, किल्ली विसरलात वाटतं?"

"किल्ली आहे की." त्यांनी खिशातून काढून दाखवली. "पण दिवाणजीनं किल्लीनं दार उघडून आत शिरायचं नसतं. आधी वर्दी द्यायची."

मी पुढे काही विचारलं नाही. दिवाणजींना 'दिवाण' या शब्दाबद्दल काहीही विचारू नये, हे मी फार पूर्वीच शिकले होते. एकदा विचारलं होतं तर घरात भेंडी करपून कोळसा झाली होती.

त्यांचं खरं नाव हरिश्चंद्र राऊत. ते आमच्या इमारतीत कुणालाच ठाऊक नाही. एकदा या नावाचं पार्सल घेऊन कुरिअरवाला आला, तर तळमजल्यावर गप्पा मारत बसलेल्या चौघांनी असा माणूस इथे राहत नाही म्हणून त्याला परत पाठवलं. त्या चौघांत खुद्द दिवाणजीही होते. मागाहून त्यांच्या लक्षात आलं आणि ते कुरिअरवाल्याच्या मागे थेट स्टेशनपर्यंत चालत गेले.

नोकरी त्यांनी जन्मभर एकाच ठिकाणी केली, वसईतल्या एका विड्याच्या पानांच्या पेढीवर. वाड्यांमधून येणारी पानं पाहायची, बाहेरगावचा भाव बागायतदारांना कळवायचा, सगळी लिखापढी सांभाळायची. अशा कारकुनाला पेढीवर 'दिवाणजी' म्हणतात. पुढे पेढी बंद पडली, शेठ वारले, पण दिवाणजी मात्र दिवाणजीच राहिले.

मी शाळेत मराठी शिकवायचे हे त्यांना कळलं आणि माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. पहिल्या भेटीत ते आमच्याकडे चहाला आले. मी म्हटलं, "बसा ना." आमच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या असतो तसा एक दिवाण आहे, वर फुलाफुलांची चादर, आत जुन्या गाद्या. दिवाणजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढून घेतली.

"अहो, इथे बसा की ऐसपैस."

"छे छे. त्यांच्यावर कसं बसणार? ते आमचे वरिष्ठ."

माझे यजमान हसता हसता खुर्चीतून पडायचे राहिले. दिवाणजी मात्र गंभीर होते. चहा संपेपर्यंत त्यांनी आम्हाला सगळी वंशावळ सांगितली. दिवाण म्हणजे राजाचा मंत्री. त्याच्या शब्दावर मुलूख हलायचा. तो जिथे बसून कारभार पाहायचा तो दिवाणखाना. आता दिवाणखान्यात काय असतं? टीव्ही आणि वाळत घातलेले मोजे. दिवाणाकडे जमिनीजुमल्याचे जे तंटे यायचे ते दिवाणी दावे. ते अजून चालूच आहेत. शायरानं आपल्या गझला एकत्र केल्या की त्यालाही दिवाण म्हणायचं. समुद्रापलीकडे फिरंग्यांच्या काही मुलखांत तर जकातीच्या नाक्याचं नाव याच शब्दावरून पडलंय. विमानातून उतरलं की सामान उचकतात ना, ते ठिकाण.

"आणि आपल्याकडे?" दिवाणजी बोट उगारून म्हणाले. "आपल्याकडे ती पदवी पायरी पायरीनं घसरत पेढीवरच्या कारकुनापर्यंत आली. माझ्यापर्यंत. आणि माझ्यानंतर गेली ती थेट पलंगावर. कुठून कुठं बघा!"

'कुठून कुठं बघा' हे त्यांचं पालुपद. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून सगळे सेक्रेटरीवर तुटून पडले, तेव्हा दिवाणजी उठून म्हणाले, "चिटणीस म्हणजे छत्रपतींच्या दरबारातला पत्रव्यवहार पाहणारा माणूस. तेव्हा असतात तर कुणाची बोलायची छाती झाली नसती. आज टाकीत पालापाचोळा सापडला म्हणून शिव्या खाताय. कुठून कुठं बघा!" सेक्रेटरीला हा आधार वाटला की अपमान, ते त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्या सासूबाई राहायला येणार होत्या, तेव्हा दुसरा दिवाण घ्यायला मी दिवाणजींना तुळिंजच्या फर्निचरच्या बाजारात घेऊन गेले. ही माझी चूक. लाकडातलं त्यांना कळतं असं कुणीतरी मला सांगितलं होतं. दुकानाचा मालक पोटावर हात ठेवून बसला होता. म्हणाला, "अंकल, दीवान कौनसा दिखाऊँ? बॉक्सवाला या सादा?"

दिवाणजींनी त्याला नमस्कार केला. मालकाला नव्हे, त्याच्या मागच्या दिवाणाला.

"भाईसाब, आपको मालूम है दीवान कौन होता था?"

"सागवान का है, अंकल. गॅरंटी के साथ."

"वो राजा का मंत्री होता था."

"होगा, अंकल. डिलिव्हरी फ्री है."

पण दिवाणजी असे सोडतात होय! त्यांनी मालकाला दरबारापासून जकात नाक्यापर्यंत सगळं ऐकवलं. त्यांचं हिंदी आपल्या इकडचं, त्यामुळे मंत्री बसता था आणि मुलूख हलता था. शेवटी मालकानं दोन हात जोडले आणि किंमत आपणहून उतरवली. परत येताना रिक्षात दिवाणजी खूश होते. मला मात्र त्या बाजारात पुन्हा तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

या सगळ्यावर उतारा म्हणजे सुमनकाकू, दिवाणजींची बायको. काकू भुईगावच्या. माहेरची मोठी वाडी, पानाच्या वेली, केळी, मधे बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं तळं, पाणी शिंपायचं. काकू दरवर्षी मला सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आणून द्यायच्या आणि नवऱ्याच्या व्याख्यानावर एका वाक्यात पाणी ओतायच्या. "मास्तरीणबाई, आमच्या घरात एकच दिवाण कामाचा. त्याच्यात गोधड्या राहतात."

त्यांच्या लग्नाची गोष्ट काकूंनीच मला सांगितली होती. पेढीवरचा तरुण दिवाणजी भाव सांगायला भुईगावला यायचा. अंगणाच्या कडेला उभा राहून वर्दी द्यायचा, 'या' म्हटल्याशिवाय ओट्यावर चढायचा नाही. एक दिवस त्यानं भावाऐवजी मुलीलाच मागणी घातली. काकूंचे वडील भडकले. पेढीवरच्या दिवाणजीला मुलगी देऊ? तो काय खाऊ घालणार तिला, पानं?

"मग हे गेले वाचनालयात," काकू सांगत होत्या. "तिथे म्हणे पुस्तकात सापडलं, दिवाण म्हणजे मंत्री. आले परत. सुपारीच्या झाडाखाली माझ्या बापाला बसवलं आणि सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत दिवाण, दिवाणखाना, दिवाणी दावा सांगत बसले. बापाला भूक लागली हो. कंटाळून 'हो' म्हणाला. अशी मी कंटाळ्यात दिलेली!"

आम्ही पोट धरधरून हसलो. काकू आणखी म्हणाल्या, "मला तर कुणी विचारलंच नाही." हे त्या नेहमी म्हणायच्या आणि आम्ही नेहमी हसायचो. दिवाणजीही हसायचे. पण एकदा जिन्यात ते मला म्हणाले, "खरंच विचारायला हवं होतं हो. तेव्हा सुचलं नाही. आता या वयात काय विचारायचं?" मला वाटलं चेष्टा करतायत. ती चेष्टा नव्हती हे मला फार उशिरा कळलं.

काकूंना विसर पडायला लागला तो हळूहळू. आधी गॅस, मग नावं. मला 'मास्तरीणबाई' म्हणायच्या त्या 'पोस्टातली बाई' म्हणू लागल्या. बडोद्याला दिलेली त्यांची मुलगी फोन करायची, तर फोन दिवाणजींच्या हातात देऊन म्हणायच्या, "बँकेतून आहे, नको म्हणून सांगा." डॉक्टर झाले, औषधं झाली. मुलगी दोघांना न्यायला आली, तर काकूंनी खाली रिक्षात बसायलाच नकार दिला. मग दिवसा सोबतीला कळंबची मंदा यायला लागली.

मधे काही दिवस दिवाणजी संध्याकाळी जिन्यात बसलेले दिसायचे. विचारलं की म्हणायचे, "वारा खातोय." आमच्या इमारतीचं नाव सागरदर्शन असलं तरी गच्चीवरून फक्त टाक्या दिसतात आणि जिन्यात वारा म्हणून शिरत नाही. तरी मी ते खरं धरून चालले. आणि मग ते बेल वाजवायचं सुरू झालं.

खरा प्रकार मला मंदानं सांगितला. ती आमच्याकडे फ्रिजमधलं गार पाणी मागायला आली होती.

"बाय त्यांना वलखत नाय," मंदा म्हणाली. "नवरा हाय म्हटला का घाबरते. वरडते, कोन परका मानूस घरात शिरला! दार लावून घेते. तवा ते जिन्यात बसायचे."

"मग आता कशा घेतात आत?"

"एकदा ते दाराभायेर असेच वैतागून बोलले, अग, दिवानजी आलाय! तर आतून म्हनते, या की मग. तवापासून रोज असाच. दिवानजी म्हटला का वलखते. नवरा नाय वलखत."

मंदा पाणी घेऊन गेली. मी ओट्याशी उभी राहून रडले. इतके महिने त्या माणसाच्या वर्दीवर मी घरात बसून विनोद करत होते.

परवा मंदा सुट्टीवर होती. दिवाणजींना औषधं आणायला जायचं होतं, म्हणून मी काकूंपाशी बसले. काकू दिवाणावर मांडी घालून खिडकीतून बाहेर पाहत होत्या. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं, पण माझं असणं त्यांना खटकतही नव्हतं. "बाबा वाडीत गेलेत," एवढं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

बेल वाजली. मी उठले, तर काकूंनी हातानं मला थांबवलं. पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि स्वतः दाराशी गेल्या.

"कोण?"

"दिवाणजी आलाय. येऊ का आत?"

दार उघडलं. दिवाणजी औषधांची पिशवी पाठीमागे धरून उंबऱ्याबाहेर उभे होते, चपला बाजूला, गुंडी गळ्यापर्यंत.

"या. पण बाबा वाडीत गेलेत."

"असू दे. भाव सांगून जातो. यंदा पानांना भाव बरा आहे म्हणावं."

"सांगते." काकूंनी त्यांना पाणी आणून दिलं. ते आत येऊन उभ्यानंच प्याले. भांडं परत घेताना काकू हळू आवाजात म्हणाल्या, "दिवाणजी, एक विचारू? तुम्ही नुसता भावच सांगायला येता का?"

दिवाणजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे तोंड केलं. दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

"नाही," ते म्हणाले. "पण मी काय, पेढीवरचा कारकून. तुमचे बाबा म्हणतील..."

"बाबा म्हणू देत. मला विचारा ना."

दिवाणजींना 'दिवाण' या शब्दावर तास तास बोलताना मी ऐकलंय. आता ते औषधांच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होते.

"चालेल का तुम्हाला?" शेवटी ते म्हणाले. "दिवाणजी?"

"चालेल की," काकू म्हणाल्या. "म्हणून तर रोज दार उघडते. बाबांना उद्या विचारा. आणि उभे का? बसा."

त्यांनी आपल्या शेजारी दिवाणावर हात थोपटला. दिवाणजींनी औषधांची पिशवी खाली ठेवली, एकदा चादरीकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दिवाणावर, काकूंच्या शेजारी, अगदी कडेला बसले.

मी दार हळूच ओढून घेतलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बेल वाजली आणि दिवाणजींनी वर्दी दिली.