खोगीरवाले दादा

पाठीवर खोगीर असताना माणसानं एकदम उभं राहू नये, ही गोष्ट मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळली.

रविवारची सकाळ होती. बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मी सतरंजीवर हात आणि गुडघे टेकून ओणवा झालो होतो. पाठीवर अस्सल कातड्याचं खोगीर होतं. शेजारी उकिडवे बसलेले दादा, म्हणजे माझ्या बायकोचे थोरले बंधू, माझा कणा आणि ते खोगीर यांच्यामधल्या पोकळीत बॅटरीचा झोत टाकून पाहत होते. दार नुसतं लोटलेलं होतं. सोसायटीचे चेअरमन पाण्याची टाकी कधी धुणार ते सांगायला आत आले, आणि घरी आलेल्या माणसाला उठून 'या' म्हणावं असे संस्कार असल्यामुळे मी उठून 'या' म्हणालो. खोगीर मागच्या मागे घसरलं ते थेट टीपॉयवर. काच गेली. चेअरमन "चालू द्या, चालू द्या" म्हणत दिवस न सांगताच परत फिरले. त्यामुळे त्या आठवड्यात अख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त आमच्याच घरी पाणी भरून ठेवलेलं नव्हतं.

दादा मात्र धावले. "कुठं लागलं तर नाही ना?" त्यांनी कळवळून विचारलं.

"नाही, जरा गुडघ्याला..."

"तुम्हाला नाही हो विचारलं, विनायकराव," असं म्हणून त्यांनी खोगीर उचलून पोटाशी धरलं आणि आतला लाकडी सांगाडा तडकला तर नाही ना, हे दाबून दाबून पाहिलं.

खोगीर बसवण्याच्या सरावासाठी त्यांना एक पाठ हवी होती. घोड्याची रोज मिळत नाही, म्हणून नलूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझी देऊ केली. "तशीही ती आडवीच असते," एवढंच तिचं स्पष्टीकरण.

दादांची सगळी नोकरी हडपसरच्या एका कारखान्याच्या तपासणी खात्यात झाली. दोन भागांमध्ये फट किती आहे ते बघायचं, हे काम. त्यासाठी पातळ पोलादी पात्यांचा एक जुडगा असतो. इतर लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, दादा तो जुडगा ठेवत. हॉटेलात गेले की आधी टेबल हलवून बघायचं, डुगडुगलं की वेटरकडून जुनं बिल मागून पायाखाली सारायचं, मग मेन्यू. माझ्या लग्नात भटजींनी मंगलाष्टकांना सूर लावला आणि दादांनी हात वर केला. मी उभा होतो तो पाट डुगडुगत होता. "अहो, मुहूर्त टळेल!" भटजी म्हणाले. "टळू द्या. याच्यावरून पडला तर मुहूर्त काय चुलीत घालायचाय?" म्हणत दादांनी पत्रिकेच्या चार घड्या करून पाटाखाली सरकवल्या. तेव्हापासून नलूच्या माहेरी माझा तोल त्यांच्यामुळे आहे, असं मानतात.

दुसरं त्यांचं लाडकं वाक्य म्हणजे "थोडी हवा ठेवा." कपाट आणि भिंत, झाकण आणि डबा, सून आणि सासू, सगळीकडे हवा पाहिजे. वहिनी गेल्या तेव्हा नलू म्हणाली, "दादा, आता सदाशिव पेठेत एकटा कशाला राहतोस? इकडे ये." दादा म्हणाले, "नको. थोडी हवा राहू दे." आणि रविवारी सकाळी जेवायला येत राहिले.

मग कारखान्यानं ऐच्छिक निवृत्तीची योजना आणली. "ऐच्छिक म्हणजे त्यांच्या इच्छेनं," दादांनी समजावून सांगितलं. जिथं त्यांची शेड होती तिथं काचेची इमारत आली आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं तिथं आत-बाहेर करायला लागली. मोबाइलवर इनकमिंगलाही पैसे पडायचे ते दिवस. जो तो दुसऱ्याला कॉम्प्युटर शिकायला सांगत होता. मीही दादांना सांगितलं. माझ्या विमा कचेरीतल्या कॉम्प्युटरवर तेव्हा टॉवेल पांघरलेला असे आणि तो उचलायचं धैर्य मला झालेलं नव्हतं, पण सल्ला द्यायला काय लागतं? दादा एक दिवस क्लासला जाऊन आले.

"कसं वाटलं?"

"त्यात हात घालून काही बघता येत नाही. शिवाय तिथल्या खुर्च्या डुगडुगतात. जमतील तेवढ्या नीट केल्या आणि आलो."

घोडा त्यांच्या आयुष्यात आला तो असाच. कारखान्यातला त्यांचा एक जुना सोबती कॅम्पच्या पलीकडच्या एका घोडेस्वारीच्या क्लबात पहारेकरी म्हणून लागला होता. दादा त्याला भेटायला गेले. तिथं एक तपकिरी घोडी बांधलेली होती आणि मानेच्या मुळाशी असतो त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना तिला तळहाताएवढे पांढरे ठिपके होते. दादांना वाटलं, जन्माचेच असतील. सोबती म्हणाला, "छ्या! खोगीर लागलंय ते. नीट बसलं नाही की दाब येतो आन् मग तिथं केसं पांढरी उगवत्यात."

"मग इतके दिवस कुणाला कळलं नाही?"

"कळणार कसं? घोडं बोलतंय व्हय?"

त्या रविवारी दादा आमच्याकडे जेवायला बसले ते भात कालवत राहिले. "नलू, फट नव्हती गं," ते म्हणाले. "बोट जाईल एवढीसुद्धा नव्हती."

क्लबच्या मॅनेजरनं त्यांना सांगितलं, की विलायतेतली एक संस्था खोगीर बसवणाऱ्यांची रीतसर परीक्षा घेते. असा पास झालेला माणूस इथं मिळत नाही, बाहेरून बोलवावा लागतो. "तुम्ही पास व्हा, आमच्या सगळ्या घोड्यांचं काम तुमचं." झालं. वयाच्या ज्या टप्प्यावर माणसं सकाळी फिरायला जाऊन राजकारणावर बोलतात, त्या टप्प्यावर दादा विद्यार्थी झाले. सकाळी क्लबात घोड्यांचा खरारा, दुपारी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या खोगीरवाल्या चाचांच्या हाताखाली शिवण उसवून आत लोकर भरायला शिकणं. चाचा त्यांनी भरलेली लोकर बोटानं दाबून बघत आणि काही न बोलता सगळी उपसून टाकत. "फार मोठा माणूस आहे," दादा कौतुकानं सांगत. त्यांच्यापेक्षा वाईट बोलणारा, म्हणजे मुळीच न बोलणारा, असा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

वाकवाल तशी वाकणारी शिशाची एक पट्टी त्यांनी पैदा केली. घोड्याच्या पाठीवर ती दाबायची, उचलून कागदावर ठेवायची आणि पाठीचा आकार काढायचा. आमच्या सोफ्याचा, उशांचा आणि झोपेत असताना माझा असे आकार त्या काळात काढले गेले. पाठीवर खडू फासायचा, वर खोगीर ठेवायचं, काढायचं, आणि खडू कुठं कुठं लागला ते बघायचं. घोडा पळून आला की घाम बघायचा. घाम सगळीकडे सारखा पाहिजे, जिथं कोरडं तिथं दाब. एकदा मे महिन्यात मी स्कूटरवरून ऑफिसातून आलो, तर दादांनी मला दारातच पाठमोरं केलं. शर्ट न्याहाळला. "उजव्या अंगावर रेलता. ऑफिसात डावीकडे कोण बसतं?" डावीकडे माझे साहेब बसत. नलूला त्या दिवशी माझ्याविषयी जे कळलं ते लग्नापासून कळलं नव्हतं.

परीक्षा घ्यायला विलायतेहून कुणीतरी वर्षातून एकदा येई आणि परीक्षेला फक्त दोनदाच बसता येई. पहिल्या वेळी विलायतेची बाई आली. पिकल्या केसांची, मोठ्या टोपीची. घोड्याचं सगळं दादांनी बिनचूक केलं. मग स्वाराशी बोलायची पाळी आली. स्वार म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीतला एक चांगला भरदार तरुण. त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि त्याला खोगिराविषयी समजावून सांगायचं होतं. दादा म्हणाले, "खोगीर बरोबर आहे. घोडा बरोबर आहे. आता राहिलात तुम्ही." मॅनेजरनं याचं इंग्रजी केलं. इमानदारीनं केलं. दादा नापास.

कारण असं दिलं, की या उमेदवारानं स्वाराला एकही प्रश्न विचारला नाही. आधी विचारायचं, की बसल्यावर कसं वाटतं, कुठं दुखतं का. घोड्याला विचारता येत नाही, पण जो बोलू शकतो त्याला तरी विचारा.

पुढच्या वर्षीची संधी शेवटची होती. ती गेली असती तर क्लबातलं कामही गेलं असतं, आणि मग दादांकडे सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या आणि आमच्याकडचा रविवार एवढंच उरलं असतं. नलूनं कंबर कसली. आता मला घोड्यावरून बढती मिळून मी स्वार झालो. सोफ्याच्या हातावर खोगीर, वर मी, आणि समोर दादा.

"हं, दादा. गोड बोल," नलू म्हणाली.

"तुमचं वजन किती?"

"दादा!"

"बरं. काही तक्रार असल्यास सांगा, नसल्यास उतरा."

"अरे, ही काय कारखान्याची खिडकी आहे? 'बसा' म्हण. 'कसं वाटतंय' म्हण. मग विचार, 'कुठं दुखतं का तुम्हाला?'"

पुष्कळ रविवारांनंतर 'बसा' आलं. 'कसं वाटतंय' हे कवायतीचा हुकूम दिल्यासारखं का होईना, आलं. तिसरं वाक्य येईना. दादा "कुठं" म्हणत आणि थांबत. मी वरून प्रोत्साहन दिलं, "म्हणा दादा, मला खरोखरच दुखतंय!" दादांनी हातातला खडू ठेवला, चपला घातल्या आणि चहा न घेता निघून गेले. एवढंसं वाक्य, त्याला इतका ताठा कशाला, असं मी म्हणालो. नलू टीपॉय पुसत राहिली. "राहू दे," म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं मैदानाच्या कठड्यापाशी उभे होतो. टोपीवाली तीच बाई, इंग्रजी करायला तोच मॅनेजर. स्वार मात्र या वेळी पन्नाशीच्या, पुण्यातल्याच एक बाई होत्या. मुलगा अमेरिकेत गेल्यावर त्यांनी घोडा शिकायला घेतला होता. दादांनी घोडीच्या पाठीवरून हात फिरवला, खडू लावला, खोगीर ठेवलं, दोन बोटं घालून फट बघितली, बाईंना वर बसवून तिला दुडकी पळवून आणायला लावलं. मग बाई उतरल्या आणि दादा त्यांच्यासमोर उभे राहिले. नुसतेच. मॅनेजरनं घड्याळ पाहिलं. नलूनं कठडा इतका घट्ट धरला होता, की मीच म्हणालो, "अगं, थोडी हवा ठेव."

दादांनी डोक्यावरची टोपी काढली.

"बाई, तुम्हाला कुठं दुखतं का?"

मी सुटकेचा श्वास सोडला. बाई हसल्या. "छे हो! अगदी मस्त आहे."

विचारून झालं होतं. आता खोगिराविषयी दोन शब्द बोलले की संपलं. पण दादा हलेनात.

"असं म्हणू नका," ते म्हणाले. "आमची हीसुद्धा असंच म्हणायची. मस्त आहे म्हणायची. उठताना भिंतीला हात लावते, ते मला दिसत होतं. मी पलंगाच्या पायाखाली पत्रे सारले. गादी बदलली. तिच्या खुर्चीचे पाय कापून सारखे केले. सगळं लेव्हलमध्ये आणून दिलं. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तुम्ही सांगा."

वहिनींची पाठदुखी शेवटी मणक्यातलं वेगळंच दुखणं निघाली होती, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. तो पलंग आम्हीही पाहिला होता. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं मी त्या वेळी वहिनींना म्हणालो होतो आणि त्या "तर काय" म्हणाल्या होत्या.

मग बाईंनी हळूच डाव्या कमरेवर हात ठेवला. "इथं," त्या म्हणाल्या. "मध्यंतरी पडले होते. मुलाला सांगितलं नाहीये. कळलं तर तो घोडा बंद करायला लावील."

दादांनी शेजारची बादली उपडी केली, तिच्यावर बसले आणि म्हणाले, "सावकाश सांगा. कधीपासून?"

टोपीवाल्या बाईनं मॅनेजरला काहीतरी विचारलं. त्यानं घसा खाकरला आणि अगदी थोडक्यात उत्तर दिलं. काय सांगितलंत, असं मी नंतर त्याला विचारलं. "म्हटलं, उमेदवार ग्राहकाशी स्वतःच्या अनुभवातून बोलतो आहे," तो म्हणाला. "बाकीचं मला इंग्रजीत येत नव्हतं."

दादा पास झाले. टोपीवाल्या बाईनं त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. आम्ही म्हटलं, चला घरी, जेवायला. तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. घोडीच्या पाठीवरचा खडू पुसायचाय."

घरी आल्यावर नलूनं चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "शेवटी विचारलंच की दादांनी. छान विचारलं."

तिचं नाक लाल झालं होतं, पण ती हसली.

"वहिनी असती ना," ती म्हणाली, "तर आधी ठसक्यात म्हणाली असती, 'परक्या बाईला बरं विचारता आलं!' आणि मग सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटत सुटली असती."