सेतूमामांनी जिंकलेली मदुराई

माझ्या लग्नाच्या सदऱ्याच्या कापडावर पांड्यांचं घोडदळ उतरलं होतं. खडूच्या काही रेघा, त्यांना बाण, आणि काखेजवळ एक गोल. गोल म्हणजे साक्कोट्टै, आमच्या शेजारचं गाव. "धुतलें कीं जातें," सेतूमामा म्हणाले. एक बाण गेला नाही. सगळं लग्न मी तो हात अंगाशी धरून काढलं.

सेतूमामा आमचे शेजारी. कुंभकोणमला आम्हा मराठी शिंप्यांची थोडी घरं उरली आहेत, त्यांतलं एक त्यांचं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये पडदा. कापायच्या टेबलावर रोज संध्याकाळी चोळ आणि पांड्य यांची लढाई होते. माप घ्यायची टेप म्हणजे अरसलार नदी. शर्टाची पांढरी बटणं म्हणजे चोळ. ब्लाउजचे हूक म्हणजे पांड्य, कारण मामांच्या मते ते अडकतात ते सुटत नाहीत.

खरी लढाई कधीच होऊन गेली. त्यात पांड्य जिंकले, त्यांनी तंजावूर जाळलं आणि पुढे चोळांचं राज्यच बुडालं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तेही इतिहास घेऊन. तेव्हा हे मला पक्कं ठाऊक आहे. मामांच्या टेबलावर मात्र पांड्य कधी जिंकत नाहीत. तिथे चोळराजा वरच्या अंगाला बांध फोडतो, साक्कोट्टैच्या भातखाचरांत पांड्यांचे हत्ती पोटापर्यंत रुततात आणि पांढरी बटणं टेप ओलांडून थेट पांड्यांच्या राजधानीपर्यंत, मदुराईपर्यंत जातात.

पुढचंही सगळं त्यांनी जुळवून ठेवलं आहे. चोळ टिकले म्हणून राजधानी इथेच राहिली, म्हणून कुंभकोणमला आजच्यासारखा तंजावूरपासून वेगळा जिल्हा मागत बसावं लागलं नाही. मी एकदा विचारलं, आपले पूर्वज तर मराठा राजांच्या मागून आले. चोळच टिकले असते तर आपण इथे कशाला आलो असतो? मामांनी दोरा दातानं तोडला. "आलोंच असतों. चोळाला अंगरखे लागले नसते काय?"

गिऱ्हाइकांची यात ओढाताण होते. सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या एका शेतकऱ्याच्या शर्टाला वरचं बटण नव्हतं. तो सेनापती होता आणि कालच पडला, असं मामांनी त्याला तमिळमध्ये अगदी दुःखाने सांगितलं. तो बिचारा हळहळून तसाच शर्ट घेऊन गेला.

मला हे फार दिवस सोसवलं नाही. एक दिवस मी कॉलेजातलं जाडजूड पुस्तक घेऊन दुकानात गेलो. ते उघडायच्या आत मामांनी माझा हात धरला आणि पडद्याकडे पाहून आवाज खाली आणला.

"मज ठाऊक आहे कोण जिंकलें. तिला सांगूं नकोस. जिंकली कीं ती गप्प बसते."

ती म्हणजे मामी. मामी मदुराईच्या, तिथल्या मराठी शिंप्यांच्या घरातल्या. गेली काही वर्षं त्यांचं विसरणं वाढत चाललं आहे. आधी नावं गेली, मग माणसं. मी कधी त्यांचा भाऊ असतो, कधी गिऱ्हाईक. मामा बहुतेक वेळा नुसते 'तो शिंपी'. बोलणं तर जवळजवळ थांबलं होतं. त्यांना बोलतं ठेवा, नाहीतर तेही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मामांनी जुनी भजनं म्हणून पाहिली, परगावी असलेल्या मुलाला फोन लावून तो त्यांच्या कानाशी धरला. काही नाही. मग एकदा कुणाशी तरी बोलताना मामांनी मदुराईला नावं ठेवली आणि पडद्याआडून ताडकन उत्तर आलं. त्या संध्याकाळपासून ही लढाई सुरू आहे.

मामा मोठ्यानं म्हणतात, "तुमच्या वैगैंत पाणी कोठें आहे? आमचे घोडे कोरड्या पायांनीं आले."

आतून येतं, "तुमच्या कावेरींत तरी कोठें? मेट्टूरच्या धरणानें सोडलें तर."

यावर मामा इतके खूश होतात की पुढचं ब्लाउज उलटं कापतात.

मागच्या महिन्यात मामींना ताप आला. उतरला, पण त्यानंतर त्या बोलेनाशा झाल्या. मी गेलो तेव्हा मामा टेबलाशी उभे होते. "चारी वेशी आमच्या," ते म्हणाले. आत काही नाही. "तुमच्या राजवाड्यांत आमचे घोडे बांधले." पडदा हलला, तो पंख्यानं. मामांच्या चिमटीत एक बटण होतं. ते खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले.

"तूं शिकलेला. तूं सांग, कोण जिंकलें?"

माझी डिग्री आमच्या घरात विठोबाच्या फोटोशेजारी लावलेली आहे. परीक्षेत हा प्रश्न मी कधी चुकवला नाही. मी पडद्याकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणालो, "चोळ, मामा. पांड्य पळाले. पुस्तकात छापलंय."

पडदा पुन्हा हलला. मग खाट कुरकुरली.

"कोणीं छापलें?" मामी म्हणाल्या. "आण त्याला इकडे."

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, घातला, पुन्हा काढला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून मला पडद्याकडे लोटलं.

"जा आंत," ते हळूच म्हणाले. "लवकर हरूं नकोस."