ह्यात कोणी मरत नाही

डेथ क्लेम विभागाला ऑफिसातल्या कुठल्याही आनंदाच्या प्रसंगी कोणी बोलावत नसे. पवईतल्या त्या विमा कंपनीत सहाव्या मजल्याच्या अगदी टोकाला हा विभाग होता, आणि लग्नाचे पेढे वाटत निघालेला माणूस लिफ्टपाशी आला की मागे वळायचा. कुंडलिक सरवदे तिथे बावीस वर्षं बसत होता. माणूस मेला म्हणतात तो खरंच मेला का, हे तपासायचं आणि सही करायची, हे त्याचं काम. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. ते कोणाच्या डोळ्यांवर न येता काढावेत, एवढीच त्याची इच्छा होती.

कंपनीत दर डिसेंबरला वर्षाची एक आवडती गोष्ट निवडत. कधी सिनेमा, कधी सहलीची जागा. निवडायचा मान चिठ्ठी टाकून एका विभागाला मिळे. यंदा विषय होता मोबाईलवरचा गेम, आणि चिठ्ठी निघाली डेथ क्लेमची. "परत एकदा काढू या का?" असं कोणीतरी हळूच विचारलंही. पण विभागप्रमुख ॲन्ड्रिया मॅडमनी ती चिठ्ठी घट्ट धरली. आठ महिन्यांपूर्वी त्यांची इथे बदली झाली होती आणि इथून सुटायचं तर वरच्यांच्या नजरेत भरणं भाग होतं.

"माझा एकदम झकास आहे," शेजारच्या टेबलावरचा मर्विन म्हणाला. "बंदुका, बॉम्ब, सगळं. एका राउंडला शंभर माणसं मरतात, यार!"

"शंभर?" कुंडलिक दचकला. "आणि त्यांचे कागद कोण करणार?"

"मग काका, तुम्ही सांगा," ॲन्ड्रिया म्हणाली. "तुम्ही जेवणाच्या सुट्टीत काहीतरी खेळत असता ना?"

कुंडलिकने लाजत फोन पुढे केला. गेमचं नाव चिमणदाणा. तारेवर एक चिमणी बसलेली. बोट लावलं की दाणा पडायचा आणि ती तो टिपायची.

"पुढे?" मर्विनने विचारलं.

"पुढे दुसरा दाणा."

"आणि हरायचं कसं?"

"हरत नाही रे. शत्रू नाही, घड्याळ नाही." कुंडलिकचा आवाज खाली आला. "ह्यात कोणी मरत नाही."

सगळ्यांची नजर आपापल्या टेबलाकडे गेली. प्रत्येकाच्या पुढ्यात त्या दिवसाच्या पाच-सहा फायली होत्या. चिमणदाणा बिनविरोध निवडला गेला. बावीस वर्षांत कुंडलिकचं म्हणणं पहिल्यांदाच कोणी ऐकलं होतं, आणि तो खरोखर सुखावला. सुखाची सवय नसली की ते माणसाला महागात पडतं.

चिमणीचे दाणे संपले की मित्राकडून मागावे लागत. एरवी कुंडलिक बायकोकडे, राधाकडे, मागायचा. त्या दुपारी आनंदाच्या भरात त्याचं बोट 'सगळ्यांकडून मागा' यावर पडलं. फोनमधल्या चारशेवर नंबरांना निरोप गेला: 'कुंडलिक सरवदे तुमची वाट पाहत आहेत. लवकर या.'

फोनमध्ये मित्र असे चारच. बाकी सगळे क्लेमवाले. फायली मयताच्या नावाने लागतात, म्हणून कुंडलिक घरच्यांचा नंबरही मयताच्याच नावाने ठेवायचा. 'मयत सुंदराबाई' म्हणजे सुंदराबाईंची सून. ती पाच मिनिटांत फोनवर आली.

"साहेब, आई गेल्या. आता तुम्ही कोणाला बोलवताय हो? आमच्या ह्यांना बीपी आहे."

कुंडलिकने माफी मागितली आणि गेम समजावून सांगितला. मग पुढच्याला सांगितला, मग त्याच्या पुढच्याला. आठवडाभर तो हेच करत होता. गंमत अशी की, समजल्यावर लोकांनी शिव्या दिल्या नाहीत, गेम घेतला. घरातलं माणूस गेलं की दुपारी फार लांबतात. कुंडलिक रोज थोडे थोडे दाणे पाठवायचा, तिकडूनही यायचे. त्याला बरं वाटायचं.

तीस तारखेला मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. हेड ऑफिसचे साहेब पडद्याच्या कोपऱ्यात व्हिडिओवरून हजर होते. मर्विनने कुंडलिकचा फोन पडद्याला जोडला आणि कौतुकाने म्हणाला, "आता बघू, कोण सगळ्यात पुढे आहे!"

पडद्यावर मोठ्या अक्षरांत यादी आली. गेम सगळ्यांची नावं फोनमधूनच उचलत होता. पहिला, मयत चंद्रप्रकाश. दुसरी, मयत सुंदराबाई. तिसरा, मयत मॅथ्यू. चौथा होता कुंडलिक.

मागच्या रांगेतला एक जण हसला आणि लगेच थांबला. साहेब चष्मा पुसून कॅमेऱ्याजवळ आले. "सरवदे, ह्या सगळ्यांचे क्लेम आपण दिलेत ना? मग ही मंडळी खेळतायत कशी?"

"साहेब, त्यांचे घरचे खेळतात."

"हे तुम्ही सांगताय. उद्या अकरापर्यंत मला एकेकाचा पुरावा हवा. नाहीतर परवापासून यायची तसदी घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये फोन स्पीकरवर होता आणि लॅपटॉपवर साहेब ऐकत होते. सुंदराबाईंच्या सुनेने व्हिडिओवर सासूचा हार घातलेला फोटो दाखवला आणि रडली. मॅथ्यूच्या मुलीने गोराईच्या घरातली बापाची रिकामी खुर्ची दाखवली. यादीतल्या सव्वीस मयतांची खात्री पटली. राहिला तो पहिल्या नंबरचा. चंद्रप्रकाश, राहणार घाटकोपर, गावी विहिरीत पडून गेला. त्याची बायको शर्मिष्ठा कंपनीचं नाव ऐकलं की फोन कट करत होती.

कुंडलिकने चंद्रप्रकाशची फाईल उघडली. ह्या घरी तो स्वतः गेला होता. हार घातलेल्या फोटोसमोर बसून चहा प्याला होता, शर्मिष्ठाबरोबर दोन टिपं गाळली होती, आणि फाईलवर लिहिलं होतं, 'समक्ष खात्री केली.'

"काका, कंपनीचं नाव घेऊच नका," ॲन्ड्रिया कुजबुजली. "बक्षीस लागलं म्हणा."

कुंडलिकने मर्विनच्या फोनवरून नंबर लावला आणि आवाज बदलून म्हणाला, "ताई, चिमणदाण्यात तुमचा पहिला नंबर आलाय. कुकर मिळणार आहे."

"अय्या! खरं की काय?" शर्मिष्ठा खुलली. "हो, मीच खेळते ना. दिवसभर तेच."

"कितव्या पायरीवर आहात? खात्रीसाठी विचारतोय."

"पायरी होय... असेल की तीनशे, साडेतीनशे..."

"नऊशे बारा!" मागून एक पुरुषी आवाज खेकसला. "तीनशे काय सांगतेस? नऊशे बारा सांग!"

"अहो, गप्प बसा ना! तुम्ही मेलायत!"

"मेलो म्हणून काय झालं? मेहनत माझी आहे! वर्ष झालं घराबाहेर पडलो नाही, दुसरं करतोय काय मी?"

मग फोन कट झाला. ॲन्ड्रिया सावकाश म्हणाली, "काका, तुम्ही म्हणाला होतात खरं. ह्यात कोणी मरत नाही."

साहेबांना मात्र वेगळंच वाटलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. "सरवदे! हा सापळा होता? गेम निवडणं, सगळ्यांना निरोप पाठवणं, नावापुढे मयत लावणं, हे सगळं तुम्ही मुद्दाम केलंत?"

कुंडलिकपुढे फाईल उघडी होती. 'समक्ष खात्री केली', आणि खाली त्याचीच सही. टेबलाखाली ॲन्ड्रियाने त्याच्या पायावर पाय दिला. त्याला लाज वाटली, भीतीही वाटली, आणि चौदा महिने एकदम डोळ्यांपुढे आले. कागदाशिवाय कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, असं तो बावीस वर्षं लोकांना सांगत आला होता.

"हो साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी कागद मागितला नाही.

वर्षाचा आवडता गेम म्हणून चिमणदाणाच कायम राहिला. ॲन्ड्रियाची बदली वरच्या मजल्यावर झाली. कुंडलिकला हार घालून फोटो काढला. तो मयताच्या फोटोसारखा इतका दिसत होता की, राधाने तो घरात लावू दिला नाही. आणि दोन जानेवारीपासून त्याला नवं काम मिळालं. कंपनीच्या फोनवर दहा ते सहा चिमणदाणा खेळायचा, मयतांच्या घरी दाणे पाठवत राहायचं, आणि कोणी फारच चांगलं खेळायला लागलं की कळवायचं. सुंदराबाईंची सून अजून रोज सकाळी न चुकता पाच दाणे पाठवते. कुंडलिकला तिचीही नोंद करावी लागते, आणि करताना त्याची मान खाली जाते.

परवा जेवणाच्या सुट्टीत त्याने फोन खणात टाकला, खणाला कुलूप लावलं आणि मर्विनकडे वळला.

"तुझा तो शंभर माणसं मरतात तो गेम दाखव रे जरा."

"क्या बात है! काका, तुम्ही?"

"त्यात मेलेला माणूस नक्की मरतो ना?"

"मरतो ना. पण पुढच्या राउंडला परत येतो, यार."

कुंडलिकने डबा उघडला आणि मुकाट्याने जेवायला लागला.