ड्रायरचा प्लग आणि अठरा झगे

व्हर्लिननं गॅरेजातला कपड्यांचा ड्रायर भिंतीपासून ओढला, त्याचा प्लग उपसला आणि त्याजागी आपल्या नव्या विजेवरच्या मोटारीची जाडजूड वायर खुपसली. मोटारीसाठी वेगळं सॉकेट बसवायला इलेक्ट्रिशियन तीन आठवड्यांनी येणार होता. पण गॅरेजात ड्रायरचं दणकट सॉकेट असताना थांबायचं कशाला? माणूस हुशार, त्यात वाद नाही. तासाला वीस मैलांची वीज भरते, हे तो गल्लीभर सांगून आला होता. नुसतं सांगून समाधान होईना, म्हणून शनिवारी सकाळी एकेकाला मोटारीत बसवून तळ्याभोवती फिरवूनही आणलं. दुपारी एकला बॅटरी पार रिकामी.

तेवढ्यात त्याची बायको मार्लिस ओल्या कपड्यांची टोपली घेऊन आली. चर्चच्या गायकमंडळींचे अठरा झगे. सहाला नाताळचा कार्यक्रम, चर्च पंचवीस मैलांवर.

"तुझी वायर काढ," ती म्हणाली.

"अगं, मग जायचं कशानं?"

"आणि जाऊन करायचं काय? ओले झगे घालून कुडकुडायचं?"

दोघांचंही बरोबर होतं, म्हणून अर्धा-अर्धा तास वाटून घ्यायचं ठरलं. दर अर्ध्या तासानं व्हर्लिन ड्रायर ओढायचा, प्लग बदलायचा, ड्रायर ढकलायचा. तीन वाजेपर्यंत मोटारीत वीस मैल भरले होते, झगे कोमट पण ओलेच होते आणि व्हर्लिनची कंबर धरली होती.

समोरच्या घरात ऑगस्टमध्ये टेक्सासहून राहायला आलेला रुबेन फावड्यानं बर्फ काढता काढता गॅरेजच्या उघड्या दारातून ही कसरत बघत होता.

"व्हर्लिन, आमचा ड्रायर मोकळाच आहे. आणा ते कपडे इकडे."

"छे छे, तुम्हाला कशाला उगाच त्रास."

"त्रास कसला? आणा हो."

"नको नको, होतंय आमचं."

"बरं," रुबेन म्हणाला आणि घरात निघून गेला.

व्हर्लिन बघतच राहिला. आमच्या मिनेसोटात कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा अगदी नाइलाज झाल्यासारखं घ्यायचं. शेंबड्या पोरालाही कळतं हे. टेक्सासच्या माणसाला कोण सांगणार?

"गेला की गं तो."

"तू नको म्हणालास."

"दोनदाच म्हणालो."

"मग आता जाऊन माग."

"मागू? आपण होऊन?" व्हर्लिनचा चेहरा पडला. मग त्यानं युक्ती काढली. बशीभर केक न्यायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, रुबेन परत विचारेलच. मोटारीला वायर लावून तो गेला आणि वीस मिनिटांनी रिकामी बशी घेऊन परतला.

"केक आवडला म्हणाला."

मार्लिसनं टोपली कमरेवर घेतली, रस्ता ओलांडला आणि रुबेनची बेल दाबली. "रुबेन, मला तुमचा ड्रायर हवाय. आत्ता."

"या की," रुबेन म्हणाला. एवढंच.

मागोमाग धावत आलेला व्हर्लिन कुजबुजला, "असं तोंड उघडून मागितलंस? लाज नाही वाटली?"

"वाटली ना. तीस वर्षांपूर्वी नाताळात मला एकटीनं गायला सांगितलं होतं. मी दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा विचारायच्या आत मंडळींतली आर्डिस हो म्हणून मोकळी झाली. तेव्हापासून दर वर्षी तीच गाते. यंदा विचारलं आणि मी पहिल्या फटक्यात हो म्हणाले. आज मी गाणार आहे."

व्हर्लिनला हे आत्ताच कळत होतं. त्याला बायकोचं फार कौतुक वाटलं, आणि स्वतःची थोडी लाज.

पाचला झगे खडखडीत वाळले होते, मोटारीत साठ मैल भरले होते. "जागा आहे ना? मीपण येतो," म्हणत रुबेन झगे मांडीवर घेऊन मागे बसलासुद्धा.

मार्लिस गायली. असं गायली की आर्डिसनंही डोळे पुसले. आमच्या चर्चमध्ये टाळ्या वाजवायची पद्धत नाही, फारच आवडलं तर लोक घसा खाकरतात. बरेच घसे खाकरले. आणि रुबेन उठून उभा राहिला, कडाडून टाळ्या वाजवायला लागला.

"आणखी एकदा होऊ द्या, मार्लिस."

सगळं चर्च अवघडून आपापल्या पायांकडे बघायला लागलं. आता ही दोनदा नको म्हणणार, मग रुबेन बरं म्हणून खाली बसणार, या धास्तीनं व्हर्लिननं त्याची बाही घट्ट धरली. "अजून दोनदा विचारा," तो कुजबुजला.

पण तोवर मार्लिसनं ऑर्गनवाल्या बाईंना खूण करून पहिला सूर लावला होता.